मर्डोपासून बेचाळीस मैल

नाही म्हणजे नाही, कोडी. निवृत्त ड्रायव्हरचं नाव यंत्रात घालून तू पुढे तीन तास ट्रक हाकणार आणि मी इथे डोळे मिटून बसणार, हे जमायचं नाही. हसू नकोस. तुझे विश्रांतीचे दहा तास पुरे व्हायला अजून चार तास आहेत, आणि आत्ता बाहेर पडलास तर हा वारा तुला हे मिचेल गाव सोडायच्या आत आडवा करील. बस खाली. कॉफी कडू आहे, पण गरम आहे. तुम्ही दोघंही बसा रे. तो वरचा मोठा दिवा तेवढा बंद करा, डोळ्यांवर येतो.

तुम्ही मला यार्डाचं फाटक उघडणारा म्हातारा व्हर्न म्हणून ओळखता. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी त्या समोरच्या ऑफिसात बसायचो. कोणता ड्रायव्हर किती तास चालला, किती तास झोपला, हे तपासायचं माझं काम. पूर्वी कागदाच्या वह्या होत्या. त्यात एकेक बहाद्दर दिवसाला एकोणीस तास गाडी चालवून वर दहा तास झोप काढायचा. मी वाचायचो, हसायचो आणि सही करायचो. मग हे यंत्र आलं. इंजिनाला तार जोडलेली. चाक फिरलं की त्याला कळतं. अकरा तास चालवलंस की लाल दिवा, मग दहा तास मुकाट्याने पडून राहायचं. जोडीने चालवणारे असले तर एकाचं नाव ‘चालवतो’ या खान्यात, दुसऱ्याचं ‘झोपला’ या खान्यात. पहिल्याचे तास संपले की नावांची अदलाबदल. पण यंत्राला चाक दिसतं, माणूस दिसत नाही. कोडीच्या डोक्यात आज जी युक्ती आली ती काही नवी नाही. ती माझ्या ओळखीच्या एकाने केली होती. मी हे फारसं कुणाला सांगत नाही, कारण त्यात माझाही भाग आहे आणि तो चांगला नाही.

त्याचं नाव लॉनी फायफल. उंची पाच फूट तीन इंच. सीट पार पुढे ओढून, पाठीशी उशी घेऊन बसायचा, तरी त्याचं नाक स्टिअरिंगला टेकतंय की काय असं वाटायचं. त्याचा जोडीदार डेल्मर रस्टाड. सहा फूट पाच इंच. दोघं सहा वर्षं एकाच ट्रकवर होते. एक चालवायचा तेव्हा दुसरा मागच्या बंकवर पडदा ओढून झोपायचा. आणि पाळी बदलताना दर खेपेला सीटवरून भांडण. डेल्मर उठताना सीट पार मागे आणि पार खाली तशीच सोडायचा. लॉनी चढून बसला की याचे पाय हवेत.

“अरे लेका, ब्रेक कुठल्या गावात ठेवलायस?” लॉनी ओरडायचा.

“पाय वाढव,” डेल्मर बंकवरून म्हणायचा. “बाकी सगळं बरं आहे तुझं.”

डेल्मर सूर्यफुलाच्या बिया खायचा. अखंड. दाताखाली कट्, आणि टरफल कागदी कपात. लॉनी सांगायचा, त्या आवाजाशिवाय मला झोपच येत नाही.

डेल्मरचं घर कडोकाला, हायवेपासून जेमतेम मैलभर आत. पश्चिमेला जाताना दोघांचा मुक्काम ठरलेला असायचा. डेल्मरची बायको कोरिन अंडी, बटाटे आणि जाड कापलेला हॅम करून वाढायची. मर्डो ते कडोका बेचाळीस मैल. तुम्हाला माहीतच आहे, मधे ती वेळेची रेषा लागते. तिच्या अलीकडे दोन वाजलेले असले तर पलीकडे एक. डेल्मर दर वेळी तिथे टोपी उचलायचा. “बघ, इथे देव एक तास परत देतो,” म्हणायचा, “आणि आपलं यंत्र तो घेत नाही.” यंत्र ऑफिसच्या घड्याळावर चालतं ना, त्याला रेषा ठाऊक नाही.

तर २०२३ चा फेब्रुवारी. दोघं शिकागोकडून येत होते. बर्फाने खोळंबा झाला, आणि डेल्मरचे अकरा तास मर्डोला संपले. लॉनीची विश्रांती पुरी व्हायला अजून दोन तास हवे होते. म्हणजे नियमाने दोन तास दोघांपैकी कुणीच चाक हलवायचं नाही. मर्डोच्या ट्रकतळावर त्यांनी गाडी लावली. डेल्मर खाली उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला.

“लॉनी, चल ना घरी,” तो म्हणाला. “बेचाळीस मैल. तुझ्या नावावर घे आणि चालव. नाहीतर मीच चालवतो, वर कारण लिहू.”

“काय कारण लिहायचं?”

“खांदा दुखतोय. पित्त झालंय बहुतेक. मला माझ्या पलंगावर पडायचंय.”

लॉनीच्या नावावर आधीच एक ठपका होता. दुसरा लागला असता तर नोकरी गेली असती, असं त्याला वाटलं. मला विचाराल तर गेली नसती. मी सांभाळून घेतलं असतं. पण त्याला ते कसं कळणार? फोन करायचा तर मध्यरात्रीनंतर मी घरी घोरत होतो.

“दोन तास रे,” लॉनी म्हणाला. “दोन तासांत काय आभाळ कोसळणार आहे? पड जरा. हिरवा दिवा लागला की मीच नेतो तुला.”

डेल्मर त्याच्याकडे बघत राहिला. मग मागे जाऊन पडला. लॉनी पुढच्या सीटवर बसून यंत्रातले आकडे बघत राहिला. एक तास चाळीस. एक तास दहा. अर्धा तास. हिरवा दिवा लागला तेव्हा त्याने आनंदाने हाक मारली. पुन्हा मारली. मग पडदा सारला.

डेल्मर गार पडला होता.

अँब्युलन्स त्याला पूर्वेला घेऊन गेली, पिअरच्या हॉस्पिटलात. घराच्या उलट दिशेला. ते बेचाळीस मैल त्याचे राहिलेच.

आता ऐका, लॉनीने काय केलं. कोरिनने त्याला विचारलं, “शेवटी काही बोलला का?” लॉनी म्हणाला, “नाही. मर्डोला आलो, दमला होता, झोपला. झोपेतच गेला.” बस. खांदा नाही, पित्त नाही, ‘चल ना घरी’ नाही. त्याला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. पण त्याच सकाळी नवराबायकोचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. कोरिन म्हणाली होती, “घर म्हणजे तुला खानावळ वाटते. यायचं नसेल तर तसं सांग, मी दार लावून झोपते.” त्या रात्री ती खरंच दार लावून झोपली होती. आणि सकाळी तिला कळलं, नवरा बेचाळीस मैलांवर, ट्रकतळावर गेला. बाई त्यातून काय समजायचं ते समजली. अंत्यविधीला ती माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, “त्याला यायचं नव्हतं, व्हर्न. तो तिथे मुद्दाम थांबला.” लॉनी आमच्या मागेच होता. त्याने ऐकलं. आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर लॉनीला नवा जोडीदार मिळाला नाही. तो एकटाच चालवू लागला. डेल्मरचं नाव यंत्रातून पुसायचं काम माझं होतं. आज करू, उद्या करू, असं करत राहिलं. खरं सांगतो, पहिल्या महिन्यात बोट धजेना. एप्रिलमध्ये एका रात्री लॉनी वादळात अडकला, तास संपलेले, डिझेलचा पंप अर्ध्या तासावर. त्याने डेल्मरचं नाव दाबलं. ‘डेल्मर चालवतो, लॉनी झोपला.’ अर्धा तास. काहीच झालं नाही. मग मे महिन्यात दोनदा. मग रोज.

म्हणजे बघा. जिवंत मित्राला बेचाळीस मैलांसाठी नाही म्हणाला, आणि मेलेल्याच्या नावावर हजारो मैल हाकले. हे त्याचं त्याला कळत नव्हतं असं नाही. रोज कळत होतं. चेहरा उतरला होता, तोंडाला चव नव्हती, कुणाच्या डोळ्यांत बघेना. आणि मी? मला सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसत होतं. गाडलेला माणूस माझ्या ऑफिसात रोज अडीचशे मैल चालवत होता आणि मी डोनट खात होतो. माल वेळेवर पोचायचा. वरची मंडळी खूश होती. कुणी मला विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही.

गुरुवार, नऊ नोव्हेंबर. रात्री अकराच्या सुमारास लॉनी या यार्डात डिझेल भरायला आला. गोठवलेलं डुकराचं मांस होतं, स्पोकेनला जायचं. त्याच्या ट्रकमध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. डेल्मरचं सामान. चष्मा, थर्मास, लोकरीची टोपी, बियांचं अर्धं पाकीट. मे महिन्यातच मी ते त्याच्याकडे दिलं होतं, “जाता जाता कोरिनला दे” म्हणून. सहा महिने तो कडोकावरून जात होता आणि सहा महिने ते खोकं बंकच्या पायथ्याशी पडून होतं.

“आज तरी दे बाबा,” मी म्हणालो. “दारात ठेव आणि निघ. बोलायचीही गरज नाही.”

“बघतो.”

“किती तास झाले आज?”

त्याने माझ्यासमोरच यंत्रावर बोट फिरवलं. डेल्मर ‘चालवतो’मध्ये, लॉनी ‘झोपला’मध्ये. मग माझ्याकडे बघितलं, मी थांबवतोय का ते बघायला. मी कप धुवायला आत गेलो.

पुढचं मला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हालाही पटलं असतं.

चेंबरलेनचा पूल ओलांडला तेव्हाच त्याचे डोळे मिटायला लागले होते. त्या दिवशी खरे तास धरले तर पंधरा झाले होते. काच खाली केली. गाणी लावली. गालावर चापट्या मारून झाल्या. एक पस्तीसला मर्डोच्या दिव्यांपाशी आला आणि त्याला कळलं, यापुढे गेलो तर खड्ड्यात जाणार. नऊ महिने त्याने मर्डोला गाडी थांबवली नव्हती. त्या रात्री दुसरा इलाज नव्हता. तळ भरलेला. एकच जागा मोकळी, कुंपणालगत, मोडक्या दिव्याखाली. फेब्रुवारीतली तीच.

त्याने हवेच्या ब्रेकच्या दोन्ही मुठी ओढल्या. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं. यंत्रात नावं बदलायची होती, तेही राहिलं. डेल्मर ‘चालवतो’मध्येच राहिला. उशी सीटवरच सोडून तो मागे गेला, पडदा ओढला, बूट काढले. मोबाइलमध्ये एक पन्नास झाले होते. पायाला खोकं लागलं. त्याने पाय आखडून घेतले आणि झोपला.

जाग आली ती पाठीला.

ट्रकवर झोपणाऱ्याला डोळे उघडायच्या आधी पाठीतून कळतं. खालची फळी थरथरत होती. चाकांचा एकसारखा आवाज. गाडी चालू होती, साठ-पासष्टच्या वेगाने. आणि पहिल्या क्षणी, त्याने मला शपथेवर सांगितलं, पहिल्या क्षणी त्याला बरं वाटलं. खूप बरं. कारण तो हात त्याला माहीत होता. वळणावर आधीच वेग सोडायचा, म्हणजे मागचा झोपलेला गडगडत नाही. लेन बदलताना घाई नाही. सहा वर्षं तो त्या हातावर विसंबून झोपला होता. डेल्मर चालवतोय, त्याच्या मनात आलं. अजून वेळ आहे. झोपू या. त्याने पांघरूण वर ओढलं.

मग त्याला आठवलं.

पडद्याच्या कडेने निळा उजेड येत होता. यंत्राचा. बाकी अंधार.

कट्.

त्याने श्वास धरला.

कट्... आणि कागदी कपात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज.

बियांचं पाकीट खोक्यात होतं. खोकं त्याच्या पायाशी होतं. त्याने पायाने चाचपलं. होतं. झाकण उघडं होतं.

तो हलला नाही. मोबाइल छातीवर पडला होता, त्याची स्क्रीन उजळली. दोन पंचवीस. तो आकड्याकडे बघत राहिला. बघता बघता आकडा बदलला. एक सव्वीस.

रेषा.

पुढे खसफस झाली. टोपी उचलून पुन्हा घातल्यासारखी.

“डेल्मर...?”

चाकं चालू. कट्.

“डेल्मर, मी तिला सांगितलं नाही.”

कट् थांबलं.

आता फक्त चाकं. लॉनी अंधारात बोलत सुटला. त्याला थांबताच येईना. खांदा दुखतोय म्हणालास ते सांगितलं नाही. घरी चल म्हणालास ते सांगितलं नाही. दोन तास मी त्या आकड्यांकडे बघत बसलो, एकदाही मागे वळून बघितलं नाही. तुझं नाव वापरलं. रोज वापरलं. तुला झोपू दिलं नाही. मला माफ...



पुढून काही नाही.



मग वेग कमी झाला. गाडी उजवीकडे कलली. डांबर संपलं, खाली खडी कचकचली. सावकाश. आणखी सावकाश. थांबली. ब्रेकच्या मुठी ओढल्या गेल्या. एक फुस्स. दुसरं फुस्स. इंजिन बंद झालं.

दार उघडलं. थंडी आत आली, पडदा हलला. दार लागलं. मारल्यासारखं नाही. हळूच, आतल्याची झोप मोडू नये तसं.

खडीवर पावलं. मोठी, लांब लांब पडणारी.

लाकडी पायरी वाजली.

मग... काही नाही.

लॉनी किती वेळ तसाच पडून होता त्याला आठवत नाही. काचेवर टकटक झाली तेव्हा तो किंचाळला.

“लॉनी? तू आहेस का आत?” बाईचा आवाज. कोरिनचा.

तो पडद्याबाहेर आला तो डावीकडे, ड्रायव्हरच्या सीटकडे न बघता. किल्ली तशीच लटकत होती. तिकडे तोंड न करता त्याने हात लांब करून ती काढली, खोकं उचललं आणि शेजारच्या दाराने खाली उतरला. पायात फक्त मोजे. कोरिन नाइटगाऊनवर नवऱ्याचा जाड कोट घालून उभी होती, हातात टॉर्च.

“काय झालं? रंग बघ तुझा. अपघात झाला का?”

“किती वाजले?”

“खिडकीवर दिवे पडले तेव्हा एक एक्कावन्न झाले होते. का रे?”

तो झोपला तेव्हा मोबाइलमध्ये एक पन्नास वाजले होते. घड्याळाच्या हिशेबाने तो झोपल्यानंतर मिनिटभरात इथे होता. लॉनी खडीवरच बसला. कोरिनने त्याला दंडाला धरून उठवलं आणि घरात नेलं. दार नुसतंच लोटलेलं होतं.

“दार उघडं ठेवून झोपतेस?”

“फेब्रुवारीपासून,” ती म्हणाली. “एकदा लावलं, तेवढं पुरे झालं.”

तिने कॉफी ठेवली. लॉनीने खोकं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून सगळं सांगितलं. पहिल्यापासून. काहीही राखून ठेवलं नाही. कोरिन ओट्याला टेकून ऐकत होती. कॉफी उतू गेली तरी तिने गॅस बंद केला नाही, लॉनीनेच उठून केला.

“घरी चल म्हणाला?” तिने विचारलं.

“हो.”

“त्याच शब्दांत सांग.”

“‘लॉनी, चल ना घरी. मला माझ्या पलंगावर पडायचंय.’”

“म्हणजे त्याला यायचं होतं.”

“हो कोरिन. त्याला यायचंच होतं. मी येऊ दिलं नाही.”

ती खुर्चीत बसली. मग तिने टेबलावर हात आपटला, एकदाच, कप उडतील इतक्या जोरात. “नऊ महिने, लॉनी! नऊ महिने मी माझ्या जिभेला शिव्या देत उठते. रोज सकाळी. आणि तू इथून गुपचूप जात होतास?”

“हो.”

“दोन तासांसाठी.”

“हो.”

तो रडत होता. तिने त्याची समजूत घातली नाही. घालायची गरजही नव्हती. बऱ्याच वेळाने ती उठली, कपाटातून जाड रजई काढली आणि कोचवर फेकली. “झोप इथे. आणि त्या ट्रकमध्ये पाय टाकू नकोस. कुलूप लावून ये, किल्ली माझ्याकडे दे.” मग खोक्यातली लोकरीची टोपी काढून ती आतल्या खोलीत गेली. रात्रभर तिचा दिवा चालू होता, असं लॉनी म्हणाला.

सकाळी सहाला तिने मला फोन केला. काय झालं ते सांगितलं नाही. “तुझा माणूस आणि तुझा ट्रक माझ्या अंगणात आहेत,” एवढंच. मी ऑफिसात जाऊन लॉग उघडला. ऑफिसच्या घड्याळाने रात्री दोन सात ते दोन एक्कावन्न, डेल्मर रस्टाड, चालवतो, त्रेचाळीस मैल. त्याखाली दोन एक्कावन्नला, डेल्मर रस्टाड, सुट्टीवर. मी खुर्चीतून उठलो आणि बसलो. मग त्याचं नाव पुसलं. नऊ महिने जे मला जमलं नव्हतं त्याला चार सेकंद लागले.

कडोकापर्यंत मी पिकअप चालवत गेलो आणि वाटभर स्वतःला समजावत होतो. पंधरा तास दमलेला माणूस. मनाला अपराध खात असलेला. झोपेत चालतात लोक, झोपेत स्वयंपाक करतात, हा झोपेत चाकावर बसला असेल. सुट्टीचं बटणही त्यानेच दाबलं असेल. वाट तर त्याला पाठच होती. लॉनीला तपासलेल्या डॉक्टरनेही नंतर तेच सांगितलं. मी फॉर्मवर तेच लिहिणार होतो.

तिथे दोघं स्वयंपाकघरात बसले होते. अंडी, बटाटे आणि हॅमचं ताट लॉनीसमोर होतं, हात न लावलेलं. कोरिनचे डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. नवऱ्याची टोपी तिच्या डोक्यावर होती. लॉनीने मला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. त्याचं सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, “आणि तुला माहीत होतं, व्हर्न? त्याचं नाव वापरतोय ते?”

“माहीत होतं.”

“मला वाटलंच.”

एवढंच बोलली. तेवढं आजपर्यंत पुरलंय मला. लॉनीने मर्डोला त्याला दोन तास अडवून ठेवलं हे खरं. पण मेल्यावरही सहा महिने त्याला एक दिवस थांबू दिलं नाही ते मी. माझ्याकडे बटण होतं.

लॉनीने पुन्हा ट्रक चालवला नाही. मिचेललाच धान्याच्या कोठारावर असतो, चालत कामाला जातो. मीही महिन्याभरात ऑफिसची खुर्ची सोडली आणि हे फाटक मागून घेतलं. दर रविवारी लॉनी कोरिनला फोन करतो. ती उचलते. नेहमी नाही, पण उचलते.

आता शेवटचं सांगतो आणि मग तुम्ही झोपा.

त्या दुपारी तो ट्रक यार्डात परत आणायचा होता. म्हणून मी कोरिनकडून किल्ली घेतली. रात्रीपासून कुणी आत गेलं नव्हतं, कुलूप लावलेलंच होतं. मी उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूने चढलो. लॉनीची उशी शेजारच्या सीटवर होती. दार ओढलं, किल्ली घातली आणि ब्रेक दाबायला पाय पुढे केला.

पाय पोचला नाही.

मी पाच फूट नऊ आहे. लॉनीपेक्षा सहा इंचांनी उंच. मी पाय ताणला, बोटं लांब केली. ब्रेक तरी लांबच. सीट पार मागे होती. आणि पार खाली.